पुलाच्या अलीकडे

शेवगावच्या घराची वरची खोली भाड्यानं द्यायची होती, म्हणून परवा मी नगरहून चावी घेऊन गेले. खोली बघायला आलेली मुलगी पाथर्डीकडची, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी. तिनं पंखा लावून बघितला, खिडकी उघडून बघितली, मोरीतला नळ सोडून बघितला. मग पश्चिमेच्या भिंतीसमोर थांबून म्हणाली, "मॅडम, इथं काय होतं?"

भिंतीचा पोपटी रंग सगळीकडं विटला आहे. फक्त टेबलाच्या उंचीवर एक चौकोन अजून ओला वाटावा इतका ताजा आहे. शेजारी विजेचा बोर्ड, त्यातलं एक सॉकेट जळून काळं पडलेलं.

"कॉम्प्युटर होता."

"अभ्यासाला?"

"आणला होता अभ्यासालाच," मी म्हटलं. "आम्ही त्यावर गेम खेळायचो. बंदुकीचा."

तिनं माझ्या चष्म्याकडं आणि खांद्यावरच्या पर्सकडं एकदा पाहिलं आणि हसली. खोली तिला पसंत पडली होती. ती वडिलांना फोन करायला गच्चीवर गेली आणि मी त्या चौकोनासमोर एकटी राहिले. खिडकीतून गरम वारा आला. त्याला जवळच्या कापसाच्या जिनिंगमधल्या सरकीचा तोच कोरडा, किंचित तेलकट वास होता.

तो कॉम्प्युटर वडिलांनी एका बंद पडलेल्या सायबर कॅफेतून आणला होता. मी तेव्हा कॉलेजात नुकतीच गेले होते. पाठीकडं पोक काढलेला जाडजूड मॉनिटर, पिवळसर पडलेला कीबोर्ड, त्यावरची काही अक्षरं आधीच्या लोकांच्या बोटांनी पुसून नेलेली. चालू करताना पडद्यातून 'टण्' असा आवाज यायचा आणि हात जवळ नेला की हातावरची लव उभी राहायची. तापलेल्या धुळीचा एक वास खोलीभर पसरायचा. आईला तो वास आवडायचा नाही. मला अजूनही कुठं जुनं मशीन तापलं की त्या वासानं एकदम दुपार झाल्यासारखं वाटतं.

त्याच वर्षी दिनू आमच्याकडं राहायला आला. दिनू म्हणजे माझ्या आत्याचा मुलगा, घोडेगावचा. त्याचे वडील, म्हणजे आत्याचे यजमान, ज्यांना आम्ही मामा म्हणायचो, तिथल्या बाजारात जनावरांचे सौदे जमवून द्यायचे. अकरावी-बारावी शेवगावात करायची आणि त्याच्याबरोबर सैन्यभरतीची तयारी करायची, असं ठरवून तो आला होता. पत्र्याची पेटी, एक वळकटी आणि नवेकोरे पांढरे बूट. बूट तो पलंगाखाली न ठेवता खिडकीत ठेवायचा, वारा लागावा म्हणून.

गेमची सीडी त्याच्या वर्गातल्या कुणीतरी दिली होती. तिच्यावर नाव नव्हतं, निळ्या पेननं नुसती एक बंदूक काढलेली होती. "ताई, लई मोठा न्हाई गेम," दिनू म्हणाला, "एका दुपारात संपतो म्हनं. लाइट राहिली तर."

लाइट राहत नसे. भारनियमनाच्या त्या दिवसांत वीज पाहुण्यासारखी यायची आणि न सांगता उठून जायची. त्यामुळं एका दुपारचा तो गेम आम्हाला दीड-दोन वर्षं पुरला.

पहिल्याच दिवशी कामाची वाटणी झाली, ती कुणी ठरवून केली नाही. कीबोर्ड दिनूकडं गेला, माउस माझ्याकडं. चालायचं, पळायचं, भिंतीआड वाकायचं ते त्यानं. बघायचं, नेम धरायचा, गोळी झाडायची ती मी. एका शिपायाच्या अंगात आम्ही दोघं होतो, पाय त्याचे आणि हात माझे. सुरुवातीला फार गोंधळ व्हायचा. मी उजवीकडं बघायचे आणि तो सरळ चालत भिंतीवर जाऊन आदळायचा. मग हळूहळू जमलं. नंतर तर बोलायचीही गरज पडेना. त्याचा खांदा जरा पुढं झुकला की मला कळायचं, आता हा पळणार.

गेमची सुरुवात एका उजाड गावात व्हायची. सपाट धाब्यांची मातीची घरं, बोळ, कोरडा हौद, पिवळं ऊन. शेवगावच्या पूर्वेला जी गावं आहेत, तसंच ते दिसायचं. आमच्या तुकडीचा कॅप्टन सतत ओरडायचा, "मूव्ह, मूव्ह!" बोळाबोळांतून शत्रू यायचे. दिनू चालता चालता मध्येच थांबून म्हणाला होता, "एवढं मोठं गाव, ताई, आन एक बी शेळी न्हाई. गोठं बी न्हाईत. ह्या लोकांचं दूध कुठनं येतं?"

रस्ता एकच होता. वेगळ्या बोळात शिरावं तर तिथं काहीही नसताना पाय अडायचे. न दिसणारी भिंतच जणू. ज्या दारातून काल माणूस आला, त्याच दारातून आजही यायचा. गच्चीवरचा बंदूकवाला तिथंच उभा, मडक्यामागचा तिथंच लपलेला. दोन आठवड्यांत आम्हाला सगळं गाव पाठ झालं.

तुकडीत एक वयस्कर शिपाई होता. पिकलेल्या दाढीचे खुंट, हेल्मेट मागं सरकवलेलं, आवाजात सदाची कुरकुर. त्याला आम्ही नाना म्हणायचो. बाकीचे नुसते पळायचे, पण नाना आमच्यासाठी थांबायचा. दार लाथेनं उघडून आधी स्वतः आत जायचा. गोळ्या संपल्या की त्याच्याकडं जायचं, तो काढून द्यायचा. गावाच्या शेवटी एक कालवा आणि कालव्यावर पूल. पुलाअलीकडं पडक्या भिंतीला टेकून नाना उभा राहायचा आणि मधूनमधून म्हणायचा, "टू क्वाएट," म्हणजे फारच शांत आहे. मग आम्ही पुलावर पाऊल टाकलं की पलीकडून गोळी यायची आणि नाना पडायचा.

पहिल्यांदा तो पडला तेव्हा आम्ही नुसते थांबलो. कॅप्टन "मूव्ह, मूव्ह" करत पुढं गेला. तेवढ्यात लाइट गेली.

तिथून आमचा खरा खेळ सुरू झाला. नानाला वाचवायचं. आम्ही पुलावर पळत जाऊन बघितलं, सरपटत जाऊन बघितलं. पलीकडच्या खिडकीत गोळी मारणारा दिसायच्या आधीच मी तिथं गोळ्या झाडून बघितल्या. धुराचा गोळा टाकून बघितला. दिनूनं नानाच्या पुढं स्वतः उभं राहून बघितलं. काही केलं तरी नाना पडायचा आणि आम्ही पुढं न जाता मागं येऊन पुन्हा सुरुवात करायचो. पुलाच्या पलीकडं काय आहे, ते बघावंसं मला कधी वाटलंच नाही. माझ्यापुरता तो गेम पुलापाशी संपत होता.

त्या दुपारी आठवतात त्या आवाजांनी. कूलरची खडखड आणि त्यातल्या वाळ्याचा ओला वास. खाली जेवणं उरकल्यावर आईनं पालथी घातलेली ताटं. रस्त्यावरून सावकाश जाणारा उसाचा ट्रॅक्टर, त्याची गाणी आधी मोठी आणि मग लांब होत गेलेली. मामांनी घोडेगावहून पाठवलेला खवा आम्ही कागदावर घेऊन टेबलाशी बसायचो आणि माउसला खव्याचा तुपकट हात लागायचा. दिनू पहाटे पळायला जायचा, पण झुंजुमुंजू झाल्याशिवाय घराबाहेर पडायचा नाही. आई म्हणायची, "भरतीवाली पोरं अंधारात पळत्यात, आणि ह्याला उजेड लागतो." तो हसायचा. संध्याकाळी दूध आणायला सांगितलं की काहीतरी काम काढायचा. नडगीवर सतत खरचटलेलं असायचं. पलंगाच्या कोपऱ्याला लागलं, उंबऱ्याला लागलं, दारातल्या सायकलला लागलं.

पडद्यावर मात्र मला आधी कळलं, आणि कळूनही कळलं नाही. डावीकडच्या कडेनं येणारा माणूस दिनूला दिसेनासा झाला. तो सरळ त्याच्या अंगावर चालत जायचा.

"अरे, डावीकडं!"

"कुठं?"

"तो काय!"

"तू सांगत जा ना, ताई," तो म्हणाला. मग मी सांगत गेले. डावीकडं जिना. उजवीकडं दार. खाली बघ, तार आहे. मला वाटलं, खेळाची हीही एक रीतच झाली.

एकदा चहा देताना मी कप त्याच्या बाजूनं पुढं केला. तो समोर बघत हात चाचपत राहिला. कप त्याच्या कोपराजवळ होता. दारात वडील उभे होते. त्यांनी ते पाहिलं आणि त्याच आठवड्यात ते दिनूला घेऊन नगरला डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. घोडेगावहून मामा परस्पर तिथं आले. मीही बरोबर होते.

दवाखान्याचं मला फार आठवत नाही. फिनेलचा वास, बाकावर डोळ्यांत औषध घालून मिटून बसलेली माणसं, आणि त्या रांगेत दिनू, गुडघ्यांवर हात ठेवून, जणू भरतीच्याच रांगेत बसलाय असा ताठ. डॉक्टरीणबाईंनी त्याला बाहेर न पाठवता त्याच्यासमोरच सांगितलं. डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे. नजर कडेकडेनं मिटत येते. आत्ता मधलं दिसतंय, तेही पुढं जाईल. त्यावर औषध नाही.

मामांनी विचारलं, "भरतीचं?"

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. मामांनीही तशीच हलवली, जणू एखादा सौदा फिसकटला.

बाहेर आल्यावर मामांनी सगळ्यांना उसाचा रस पाजला. दिनूच्या डोळ्यांत औषध असल्यानं त्याला ऊन सोसवत नव्हतं. त्यानं रसाचा गिलास दोन्ही हातांनी धरला होता. "बर्फ लई टाकलाय," एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर तो नेहमीसारखा वर आला. मी आधीच माउसच्या बाजूला बसले होते. तो उभाच राहिला.

"ताई, आज माउस मला दे."

मी उठले. आम्ही जागा बदलल्या. आता पाय माझे होते आणि बघणं त्याचं.

त्या दिवशी त्यानं फारशी गोळी झाडलीच नाही. आम्ही गावातून चालत राहिलो आणि तो बघत राहिला. "थांब जरा," म्हणायचा, आणि नजर वर न्यायचा. आभाळ. तिथं आभाळ होतं, पांढुरके ढग होते, ते जरा सरकतही होते. मी कधी बघितलं नव्हतं. एका भिंतीवर लहान मुलाच्या हाताचे ठसे होते. एका घरात चुलीशेजारी पितळी भांडं होतं. खिडकीत वाळत घातलेलं निळं कापड होतं. कॅप्टन ओरडत होता, ओरडून ओरडून त्याची तीच तीन वाक्यं फिरून येत होती. आम्ही हळूहळू पुलाशी आलो. नाना भिंतीला टेकून उभा राहिला.

"पुढं नको," दिनू म्हणाला.

मी बोट उचललं.

आम्ही वाट बघितली. गोळी आली नाही. नाना उभाच होता. एकदा त्यानं बंदूक या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. एकदा कपाळ पुसलं. "टू क्वाएट," म्हणाला. कालव्यातलं पाणी वाहत होतं. कॅप्टन पुलाच्या तोंडाशी गुडघा टेकून बसला होता आणि तोही आता गप्प झाला होता. आपण पाऊल टाकत नाही तोवर तिथं काहीच घडत नव्हतं. पलीकडच्या खिडकीतला माणूस खिडकीत आलाच नव्हता.

"वाचला की," मी म्हटलं.

"व्हय," दिनू म्हणाला. "नुसतं उभं राहायचं."

त्यानंतर आम्ही रोज तेच केलं. गाव ओलांडायचं, पुलाशी यायचं आणि थांबायचं. नानाला तिथं उभा ठेवून आम्ही गप्पा मारायचो, शेंगा खायचो. मी त्याला बारावीचं पुस्तक वाचून दाखवायचे, कारण बारीक अक्षर आता त्याला जड जात होतं. मध्येच नाना कुरकुरायचा, आणि दिनू त्याला म्हणायचा, "थांब रं बाबा, धडा हुं दे." लाइट गेली की नाना नानाच्या जागी, आम्ही आमच्या. अंधारलेल्या पडद्यात खिडकीचा उजेड दिसायचा. भरतीचं आम्ही कधी बोललो नाही. पांढरे बूट त्यानं कुणाला तरी देऊन टाकले. खिडकी मोकळी झाली तेव्हा मला कळलं.

बारावीची परीक्षा झाली आणि दिनू घोडेगावला परत गेला. पुढच्या पावसाळ्यात बोर्डात ठिणगी उडाली, सॉकेट जळलं, कॉम्प्युटर बंद पडला, पण पुढं बरीच वर्षं तिथंच भिंतीशी पडून होता. मला बँकेत नोकरी लागली, लग्न होऊन मी नगरला आले. दिनूची भेट लग्नाकार्यात व्हायची. प्रत्येक भेटीत तो माझ्या चेहऱ्याच्या थोडा अधिक बाजूला बघत बोलायचा. मग एका दिवाळीत त्यानं हात पुढं करून माझा चेहरा शोधला. 

गच्चीवरून मुलगी खाली आली. "घरचे हो म्हणाले," म्हणाली. मी तिला चावी दिली.

शेवगावहून नगरला यायला मिरीचा रस्ता जवळचा. परवा मी कुकाण्यावरून, घोडेगावाकडून वळसा घालून आले. बाजाराचा दिवस होता. मैदानभर गाई-म्हशी, टेम्पो, शेणाचा आणि कडब्याचा वास, धुरळा. दिनू कुठं असेल ते मला माहीत होतं. मामा गेल्यापासून ती जागा तोच सांभाळतो. कडुलिंबाखाली तो एका शेतकऱ्यासमोर उभा होता. दोघांचे हात उपरण्याखाली होते. या बाजारात सौदा तोंडानं बोलायचा नसतो, कापडाखाली बोटं धरून ठरवायचा असतो, म्हणजे भोवतीच्या कुणाला कळत नाही. शेतकरी दिनूच्या चेहऱ्याकडं टक लावून बघत होता. दिनू कुठंच बघत नव्हता. मग दोघं एकदम हसले, उपरणं सुटलं, शेतकरी दावं सोडायला गेला.

"दिनू," मी हाक मारली.

"ताई? आज इकडं कशी वाट वाकडी केली?"

"शेवगावला गेले होते. वरची खोली भाड्यानं दिली."

"कोनाला?"

"एका मुलीला. परीक्षेचा अभ्यास करती."

"मंग चांगलंय. शांत खोली हाय."

आम्ही टपरीवर चहा घेतला. कपाची कड त्यानं अंगठ्यानं चाचपली आणि पहिला घोट सावकाश घेतला. मी म्हटलं, "भिंतीवर कॉम्प्युटरचा डाग अजून तसाच आहे. मला वाटलं, नाना अजून तिथं उभा असेल पुलापाशी."

त्यानं आणखी एक घोट घेतला. मग म्हणाला, "न्हाई, ताई. त्याला मी पुढं नेला."

"कधी?"

"घोडेगावला यायच्या आदल्या दिवशी. तू कॉलेजला गेल्ती. माउस बी मीच धरला, बटनं बी मीच. मधलं दिसत हुतं अजून थोडं."

"मेला?"

"मेला ना. तो मरतोच." त्यानं कप खाली ठेवला. "पर मी म्हनलं, किती दिवस उभा करून ठेवायचा त्याला? आन आपुन तरी किती दिवस बसायचं? पुढं काय हाय ते तरी बघू. आता न्हाई बघितलं तर कधी बघनार?"

इतकी वर्षं माझ्या मनात तो माणूस भिंतीला टेकून जिवंत होता. मला काहीतरी वाटायला हवं होतं. मी चहाच्या टपरीवरच्या स्टोव्हचा आवाज ऐकत राहिले. मग विचारलं, "काय होतं पुढं?"

"लई न्हाई. पूल, मंग एक टेकाड, थोडी मारामारी. त्यात मी चार-पाचदा मेलो. आन टेकाड चढलं की समुद्र."

"समुद्र?"

"व्हय. गेम तिथंच संपतो. सगळी बसत्यात वाळूत. नावं येत्यात इंग्रजीत, वर वर जात्यात. ती बी संपली. पर पानी हलतच हुतं. मी लाइट जाईपर्यंत बघत बसलो. त्या दिवशी लाइट लई उशिरा गेली, बघ."

मी त्याच्याकडं बघत होते. तो बाजाराच्या दिशेनं तोंड करून बसला होता, उन्हाकडं.

"लग्नानंतर आमी कोकनात गेल्तो," तो म्हणाला. "तवा काय दिसत न्हवतं. पाय भिजवले, आवाज आयकला, चव बी घेऊन बघितली. बायको म्हनली, कसा हाय ते सांगू का? म्हनलं, नको. मला म्हाईत हाय."

"रंग कसा होता, दिनू?"

त्यानं जरा विचार केला. तेवढ्यात मघाचा शेतकरी घेतलेली म्हैस हौदावर पाणी पाजून घेऊन आला. तिच्या अंगावरही त्यानं पाणी मारलं होतं. दिनूनं पावलांच्या आवाजाकडं हात लांब केला, म्हशीच्या ओल्या पाठीवर तळवा टेकवला आणि तो मणक्यावरून सावकाश मागं नेला.

"ऊन पडलंय का हिच्यावर?" त्यानं विचारलं.

"पडलंय."

"मंग असाच," तो म्हणाला. "हाच. बघून घे."